जाळे आणि शेवटचे घर

मोठे सार्वजनिक काम हाती घेणाऱ्या गरीब देशाला पहिला प्रश्न विचारला जातो तो पैशांचा. रेल्वे आली तेव्हा तो विचारला गेला, कालवे खणले तेव्हा विचारला गेला, खेड्यांत वीज न्यायचे ठरले तेव्हाही विचारला गेला. आज तोच प्रश्न इंटरनेटच्या जाळ्यासंबंधी उभा आहे. साऱ्या देशाला पुरेल असे जाळे विणायचे, आणि तेही परवडेल अशा बेताने, हे कसे साधावे? या प्रश्नाचे उत्तर शोधताना ‘परवडणे’ या शब्दाचा अर्थ आधी नीट ध्यानात घ्यावा लागतो. एक परवडणे बांधणाऱ्याचे असते, दुसरे वापरणाऱ्याचे. आणि तिसरे, ज्याची आठवण सहसा उद्घाटनानंतर होते ते, सांभाळणाऱ्याचे. या तिहींचा मेळ बसला तरच काम स्वस्तात झाले असे म्हणता येते. एरवी कागदावर स्वस्त दिसणारे काम पुढे फार महागात पडते.

या विचाराला चंडीगड शहराचा दाखला फार उपयोगी पडतो. फाळणीत लाहोर पाकिस्तानात गेले आणि पूर्व पंजाब राजधानीवाचून उरला. निर्वासितांचे लोंढे येत होते, तिजोरीत खडखडाट होता, सिमेंट आणि पोलाद यांची टंचाई होती. अशा काळात शिवालिक टेकड्यांच्या पायथ्याशी नवे शहर वसवण्याचा निर्णय झाला. पहिला आराखडा अमेरिकेच्या आल्बर्ट मेयर यांनी केला. पुढे १९५१ साली ल कॉर्ब्युझिए यांनी तो नव्याने बेतला, आणि ७ ऑक्टोबर १९५३ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते शहराचे उद्घाटन झाले. कॉर्ब्युझिए यांच्या भव्य सरकारी इमारतींची कीर्ती जगभर झाली. पण शहर उभे राहिले ते मुख्यतः सरकारी नोकरांच्या घरांनी, आणि ती घरे पिएर जानरे, मॅक्सवेल फ्राय व जेन ड्रू या तिघांनी आखली.

त्या घरांच्या तेरा श्रेणी ठरवल्या होत्या. वरच्या टोकाला मुख्यमंत्र्यांचे निवासस्थान आणि खालच्या टोकाला शिपायाचे घर. खर्चाची मर्यादा अत्यंत कडक; तरीही शिपायाच्या घराला दोन खोल्या, स्वयंपाकाची जागा, न्हाणीघर, शौचकूप आणि अंगण मिळालेच पाहिजे असा आग्रह या मंडळींनी धरला. साहित्य म्हणून त्या भागात भाजली जाणारी वीट घेतली, कारण ती स्वस्त होती आणि ती रचणारे हातही तेथेच होते. उन्हाळ्याची काहिली आवरण्यासाठी यंत्रे बसवण्याची ऐपत नव्हती. म्हणून भिंतींत विटांच्या जाळ्या ठेवल्या, खिडक्या खोल घेतल्या, गच्चीवर निजण्याची सोय केली. येथे स्वस्तपणा आला तो वस्तूचा दर्जा पाडून नव्हे. जागेचे हवामान, जागेचे साहित्य आणि जागेचे कारागीर यांना धरून आखणी केल्यामुळे तो आला.

दुसरी गोष्ट रस्त्यांची. कॉर्ब्युझिए यांनी रस्त्यांचे सात वर्ग पाडले. परगावाहून येणारा हमरस्ता पहिला, शहराचे प्रशस्त मार्ग दुसरे, प्रत्येक सेक्टरला वेढणारे रस्ते तिसरे, बाजाराचा रस्ता चौथा, आणि असे उतरत उतरत घराच्या दारापर्यंत जाणारी गल्ली व हिरवळीतली पायवाट. सेक्टर म्हणजे साधारण आठशे मीटर रुंद व बाराशे मीटर लांब असा शहराचा एक चौक. घरे उठण्यापूर्वी वाटा ठरल्या होत्या, आणि कोणत्या वाटेवर किती भार येणार याचाही हिशेब झाला होता.

इंटरनेटचे जाळेही नेमके असेच उतरत जाते. समुद्राच्या तळातून येणाऱ्या तारा मुंबई, चेन्नई यांसारख्या बंदरांत जमिनीवर येतात. तेथून शहराशहरांना जोडणारे प्रकाशतंतूंचे हमरस्ते निघतात. हमरस्त्यावरून जिल्हा, जिल्ह्यावरून तालुका, तालुक्यावरून गाव, आणि गावातून घर. प्रकाशतंतू म्हणजे केसाइतकी बारीक काच. तिच्यातून प्रकाशाच्या स्पंदनांनी संदेश धावतो. हमरस्त्याचा खर्च डोळ्यांत भरतो खरा, पण तो लाखो लोकांत वाटला जातो. शेवटच्या गल्लीचा खर्च थोडक्याच माणसांवर पडतो, म्हणून दरडोई पाहिले तर जाळ्याचा सर्वांत महाग भाग शेवटचाच ठरतो. व्यापारी कंपनी तेथे थबकते, आणि राष्ट्राची कसोटी तेथेच लागते.

चंडीगडची ही आखणी निर्दोष नव्हती, हेही सांगितले पाहिजे. ज्या मजुरांनी विटा वाहून शहर उभारले त्यांच्या राहण्याची जागा मूळ आराखड्यात नव्हती; त्यांच्या झोपड्यांच्या वसाहती कडेकडेने वाढल्या. बुरैलसारखी जुनी गावे चारी बाजूंनी सेक्टरांनी वेढली गेली, आणि शेजारच्या आखीव सेक्टरांतल्या सोयी त्यांच्या दाट गल्ल्यांत उशिरा व अपुऱ्या पोहोचल्या. नकाशावर ज्याची नोंद नाही त्याच्या वाट्याला सेवाही येत नाही, हा धडा त्या शहराने मागे ठेवला आहे. राष्ट्रीय जाळे विणणाऱ्यांनी तो विसरून चालत नाही.

इंटरनेटच्या आधी भारताने हा सारा पाठ दूरध्वनीच्या निमित्ताने एकदा गिरवला होता. १९८० नंतरच्या वर्षांत सत्तर कोटींहून अधिक लोकसंख्येच्या या देशात दूरध्वनी तीस लाखांच्या आतबाहेरच होते. जोडणीसाठी वर्षानुवर्षे थांबावे लागे. परदेशांतून येणारी दूरध्वनी केंद्रे मोठ्या शहरांसाठी बनवलेली असत. त्यांना वातानुकूलित खोली लागे, अखंड वीज लागे, आणि ती हजारो ग्राहकांना पुरतील एवढी मोठी असत. शे-सव्वाशे घरांच्या खेड्याला असे यंत्र देणे म्हणजे बैलगाडीला रेल्वेचे इंजिन जोडण्यासारखे होते.

ऑगस्ट १९८४ मध्ये ‘सी-डॉट’ ही संस्था स्थापन झाली. छत्तीस कोटी रुपये आणि छत्तीस महिने, एवढ्यात देशी अंकीय दूरध्वनी केंद्र तयार करावयाचे, असा तिचा संकल्प होता. बडोद्यास शिकून अमेरिकेत नाव कमावलेले सॅम पित्रोदा, दूरसंचार खात्याच्या संशोधन केंद्रातील जी. बी. मीमांसी आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील डॉ. एम. व्ही. पिटके यांच्या भोवती तरुण अभियंत्यांचा मेळा जमला. त्यांनी प्रथम हाती घेतले ते एकशे अठ्ठावीस जोडण्यांचे लहान ग्रामीण केंद्र. जुलै १९८६ मध्ये ते बेळगाव जिल्ह्यातील कित्तूर येथे चालू झाले. राणी चन्नम्मेच्या त्या गावी बसलेल्या यंत्राला वातानुकूलन लागत नव्हते; उकाडा, धूळ आणि विजेचा चढउतार सोसण्याच्या बेतानेच ते घडवले होते. चंडीगडच्या शिपायाच्या घराला विटांची जाळी होती, तशीच ही त्या यंत्राची जाळी म्हणावी. शिवाय त्याची विद्या एकाच कारखान्याच्या हाती न ठेवता अनेक कारखान्यांना देण्यात आली. त्यामुळे यंत्र स्वस्त झाले, आणि त्याचे सुटे भाग व ते दुरुस्त करणारी माणसे देशातच मिळू लागली.

याच सुमारास चंडीगडला लागून असलेल्या मोहालीत त्याहूनही मूलगामी असा एक प्रयत्न चालला होता. ‘सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्स’ या सरकारी कारखान्यात १९८४ साली सिलिकॉनच्या चकत्यांवर सूक्ष्म मंडले, म्हणजे ज्यांस आज सर्वत्र ‘चिप’ म्हणतात त्या, बनू लागल्या. दूरध्वनी असो, संगणक असो, जाळ्याच्या प्रत्येक यंत्राचे हृदय ही चिप असते. ती आपल्या हाताने घडवता आली तर पुढच्या साऱ्या जाळ्याचा खर्च आपल्या आवाक्यात राहील, असा तो विचार होता. फेब्रुवारी १९८९ मध्ये या कारखान्यास मोठी आग लागली. यंत्रसामग्री भस्मसात झाली आणि काम पुन्हा उभे राहण्यास कित्येक वर्षे गेली. या उद्योगात जगाचे पाऊल दोन-दोन वर्षांनी पुढे पडते; तेथे अशी खंडित झालेली वर्षे भरून येणे कठीण असते.

तरीही तो कारखाना मिटला नाही. २००६ साली तो अवकाश खात्याकडे गेला, आणि पुढे इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाकडे आला. २०२५ साली अवकाश संशोधन संस्थेच्या अग्निबाणांसाठी तयार झालेली ‘विक्रम ३२०१’ ही चिप मोहालीच्याच कारखान्यात घडलेली आहे. परंतु आजही देशाच्या जाळ्यात लागणाऱ्या बहुतेक चिप बाहेरूनच येतात. घरात करण्याचे कौशल्य एकदा तुटले म्हणजे त्याची किंमत पुढील पिढ्यांना दरमहा मोजावी लागते, हे मोहालीच्या आगीने दाखवून दिले.

देशी यंत्राइतकीच मोलाची दुसरी युक्ती होती ती वाटून वापरण्याची. घरोघर दूरध्वनी देणे शक्य नव्हते, तेव्हा रस्त्याच्या कोपऱ्यावर पिवळ्या पाटीचे एस. टी. डी. केंद्र निघाले. यंत्र एक आणि बोलणारे शंभर. केंद्र चालवणारा माणूस गावचाच. त्याचे पोट त्यावर अवलंबून असल्यामुळे यंत्र बंद पडले की तो स्वतः कचेरीत खेपा घाली. देखभालीची याहून स्वस्त व्यवस्था कोणत्याही खात्याला सुचली नसती. पुढे चंडीगड प्रशासनाने ‘ई-संपर्क’ केंद्रे काढली तीही याच तत्त्वावर. घरी संगणक नसलेल्या नागरिकाने एका खिडकीशी जाऊन बिल भरावे, दाखला मागावा, आणि एकाच यंत्रावर अनेकांची कामे उरकावीत, असा त्यांचा हेतू होता.

इंटरनेट या देशात प्रथम आले ते विद्वानांच्या आश्रयाने. १९८६ साली इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने ‘अर्नेट’ हे शैक्षणिक जाळे सुरू केले. मुंबईची राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र ही संस्था आणि देशभरच्या तंत्रशिक्षण संस्था त्यात सामील होत्या. सामान्य नागरिकांसाठी ही सेवा विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी खुली केली. पहिली काही वर्षे तिचे वार्षिक शुल्क हजारो रुपयांच्या घरात होते आणि वेग आजच्या मानाने मुंगीचा. ज्याच्या घरी दूरध्वनी आणि संगणक दोन्ही, त्याच्याच दारी ते थांबले.

त्या महागाईचे एक कारण फारसे कोणाच्या ध्यानात येत नसे. समजा, चंडीगडच्या सतरा क्रमांकाच्या सेक्टरमधील एक कचेरी एका कंपनीची ग्राहक आहे, आणि बावीस क्रमांकाच्या सेक्टरमधील एक घर दुसऱ्या कंपनीचे. दोहोंमध्ये अंतर चालत जाण्याएवढे. पण त्या दोन कंपन्यांची जाळी देशात एकमेकांना भेटत नसतील, तर कचेरीतून निघालेले पत्र आधी समुद्र ओलांडून परदेशी जाई, तेथे एका जाळ्यातून दुसऱ्यात शिरे आणि पुन्हा समुद्र ओलांडून शेजारच्या सेक्टरमध्ये येई. जाण्याचे भाडे आणि येण्याचेही भाडे परकीय चलनात मोजावे लागे. २००३ साली ‘निक्सी’, म्हणजे राष्ट्रीय इंटरनेट विनिमय केंद्र, स्थापन झाले ते हा वळसा टाळण्यासाठी. सर्व कंपन्यांनी एका ठिकाणी यावे, आपापल्या तारा तेथे जोडाव्यात, आणि देशातला संदेश देशातच फिरावा. रेल्वेच्या जंक्शनसारखी ही साधी सोय. तिला लागणारा पैसा समुद्राखालच्या तारेच्या तुलनेत नगण्य, आणि तिची बचत मात्र रोजची. राष्ट्रीय जाळे स्वस्त करू पाहणाऱ्या प्रत्येक नवोदित राष्ट्राने आरंभीच करावयाचे हे काम आहे.

यानंतर परिस्थिती पालटली ती मोबाइलमुळे. सप्टेंबर २०१६ मध्ये रिलायन्स जिओ ही कंपनी बाजारात उतरली आणि दरयुद्ध पेटले. सरकारी आकड्यांनुसार २०१४ साली एका गिगाबाइटला सुमारे दोनशे एकोणसत्तर रुपये पडत; काही वर्षांतच हा दर दहा रुपयांच्या आसपास आला. संयुक्त राष्ट्रांशी संलग्न असलेल्या ब्रॉडबँड आयोगाने विकसनशील देशांसाठी एक मोजमाप ठरवले आहे. प्राथमिक सेवेचा महिन्याचा खर्च दरडोई मासिक उत्पन्नाच्या दोन टक्क्यांहून कमी असावा. मोबाइलच्या दराने पाहिले तर भारत या कसोटीस उतरतो, आणि ही काही लहानसहान गोष्ट नव्हे.

मात्र येथे दोन सावधगिरीच्या गोष्टी आहेत. स्पर्धेतून आलेली स्वस्ताई स्पर्धक टिकतील तोवरचीच असते. दरयुद्धात कित्येक कंपन्या बुडाल्या किंवा एकमेकींत विलीन झाल्या, आणि जुलै २०२४ मध्ये उरलेल्या मोठ्या कंपन्यांनी एकापाठोपाठ एक दर वाढवले. दुसरी गोष्ट अशी की बिनतारी सेवा नावाचीच बिनतारी आहे. ग्राहकाच्या हातातल्या यंत्रापासून मनोऱ्यापर्यंत संदेश हवेतून जातो. मनोऱ्यापासून पुढे त्यास तारच लागते. खेड्यातल्या मनोऱ्याला प्रकाशतंतू मिळाला नाही, तर शंभर माणसांनी एकदम मागणी करताच त्याचा श्वास कोंडतो. मार्च २०२० नंतर शाळा बंद झाल्या तेव्हा घरच्या एकाच मोबाइलवर धडे गिरवू पाहणाऱ्या, आणि त्यासाठी टेकडी चढून संकेत शोधणाऱ्या मुलांनी ही उणीव साऱ्या देशाला दाखवली. ज्या घरी तेवढेही नव्हते त्या घरच्या मुलांचे वर्ष गेले ते गेलेच.

प्रकाशतंतू गावापर्यंत नेण्याचे काम सरकारने त्यापूर्वीच पत्करले होते. २५ ऑक्टोबर २०११ रोजी राष्ट्रीय प्रकाशतंतू जाळ्याच्या योजनेस मंजुरी मिळाली. पुढे तिचे नाव ‘भारतनेट’ झाले. तिच्यामागील कल्पना काटकसरीची आणि शहाणपणाची होती. तालुक्याच्या ठिकाणापर्यंत भारत संचार निगम, रेल्वे आणि वीज पारेषण यांच्या सरकारी संस्थांचे तंतू आधीच गेलेले होते. ते पुन्हा कशाला टाकावेत? तालुक्यापासून ग्रामपंचायतीपर्यंतचा तुटलेला दुवा तेवढा जोडावा, आणि सुमारे अडीच लाख ग्रामपंचायती जाळ्यात आणाव्यात, असे ठरले. पैसा उभा राहिला तो सार्वत्रिक सेवा निधीतून. शहरांत कमावणाऱ्या दूरसंचार कंपन्यांच्या उत्पन्नातून ठरावीक हिस्सा घेऊन तो खेड्यांसाठी खर्च करावयाचा, अशी या निधीची योजना २००२ पासून चालत आली आहे. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने त्याचे नाव ‘डिजिटल भारत निधी’ झाले.

यंत्रांची निवडही विचारपूर्वक होती. तालुक्याहून निघालेला एक तंतू वाटेत काचेच्या साध्या विभाजकातून फुटतो आणि अनेक गावांना प्रकाश पुरवतो. या विभाजकाला वीज लागत नाही. म्हणून माळावर, रानात, भारनियमनाच्या वेळीही तो आपले काम करतो. यासाठी लागणारी यंत्रणा पुन्हा त्याच सी-डॉटने देशात विकसित केली होती. कित्तूरची परंपरा अशी पुढे चालली.

मग अडले कोठे? अडले ते सांभाळण्यात. दोन लाख चौदा हजारांवर ग्रामपंचायती सेवेस सज्ज झाल्याची नोंद झाली. पण सज्ज असणे आणि चालू असणे यांत फरक आहे. बहुतेक तंतू झाडाच्या फांदीसारखे एका रेषेत टाकले होते. फांदी जेथे तुटेल तेथून पुढची सारी पाने सुकतात, तसे रस्ता रुंद करणाऱ्या यंत्राचा एक घाव बसला की पुढली सारी गावे मुकी होत. दुरुस्ती कोणी, किती दिवसांत आणि कोणाच्या पैशाने करावयाची याची जबाबदारी स्पष्ट नव्हती. पंचायतीच्या कपाटात यंत्र कुलूपबंद, वीजबिल थकलेले, आणि यंत्राची माहिती असलेला माणूस गावात एकही नाही, असे दृश्य अनेक ठिकाणी दिसे. बांधण्याचा खर्च झाला होता, पण सांभाळण्याचा हिशेब मांडलेला नव्हता.

ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या सुधारित भारतनेट योजनेने हा दोष एका अर्थी मान्य केला. एक लाख एकोणचाळीस हजार कोटी रुपयांहून अधिक खर्चाच्या या योजनेत तंतूंची मांडणी कड्याच्या आकाराची करावयाची आहे. कडे एका ठिकाणी तुटले तरी संदेश उलट दिशेने फिरून पोहोचतो. त्याचबरोबर दहा वर्षांच्या देखभालीचे काम बांधणीच्या कंत्राटातच बांधून टाकले आहे. काम करणाऱ्यालाच ते दहा वर्षे राखावयाचे असेल तर तो खंदक उथळ खणणार नाही, एवढे साधे व्यवहारज्ञान त्यामागे आहे.

वाटेचा प्रश्न याहून जुना आहे. तंतूची किंमत थोडी. तो पुरण्यासाठी रस्ता खणणे, परवानग्या मिळवणे आणि रस्ता पूर्ववत करणे यांचाच खर्च मोठा. एका शहरात एक दर, दुसऱ्यात दुसरा, आणि अर्ज महिनोन् महिने पडून, अशी स्थिती होती. २०१६ साली यासाठी देशव्यापी नियम आले आणि १ जानेवारी २०२५ पासून नवे, अधिक एकसारखे नियम लागू झाले. केरळाने दुसरी वाट धरली. जून २०२३ मध्ये सुरू झालेल्या ‘के-फोन’ जाळ्यासाठी त्या राज्याने आपल्या वीज मंडळाच्या खांबांचाच आधार घेतला. खांब घरोघरी गेलेलेच होते. तंतूला नवी वाट शोधावी लागली नाही. नवा रस्ता होताना, नवी जलवाहिनी पडताना तेथेच एक रिकामी नळी पुरून ठेवली, तर पुढे तोच रस्ता पुन्हा उखडावा लागत नाही. चंडीगडच्या आखणीकारांनी वाटा आधी ठरवल्या होत्या, ते याच दूरदृष्टीने.

आणि जेथे तंतू नेणेच अवघड आहे तेथे काय करावे? पालघर जिल्ह्यातील आदिवासी पाड्यांत मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेने याचे एक उत्तर शोधले. दूरचित्रवाणीसाठी राखलेल्या रेडिओ लहरींच्या पट्ट्यात पुष्कळशी जागा मोकळी पडून असते. त्या लहरी झाडी व टेकाडे ओलांडून दूरवर जातात. प्रा. अभय करंदीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खामलोली व आसपासच्या गावांत या मोकळ्या लहरींवरून इंटरनेट नेण्याचे प्रयोग केले. त्यातून वाढलेल्या ‘ग्राममार्ग’ प्रकल्पाला २०१७ साली मोझिला संस्थेच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत पहिले पारितोषिक मिळाले. या प्रकल्पाचे वैशिष्ट्य तंत्रापुरते नव्हते. पंचायतीने भांडवलात वाटा उचलावा, गावच्याच तरुणाने सेवा चालवावी आणि उत्पन्न दोघांनी वाटून घ्यावे, असा त्याचा घाट होता. पिवळ्या पाटीच्या दूरध्वनी केंद्राचे शहाणपण येथे नव्या रूपाने परत आलेले दिसते.

शेवटी, जाळे कशासाठी हवे हे ज्या गावाला ठाऊक असते त्या गावालाच ते परवडते. कोल्हापूर-सांगली भागातील वारणेच्या सहकारी परिवारात १९९८ साली सत्तर गावांना संगणकाने जोडण्याचा प्रकल्प सुरू झाला. मोठमोठे हेतू जाहीर झाले; पण काही वर्षांनी अभ्यासकांनी पाहिले तेव्हा शेतकरी तेथे येत ते मुख्यत्वे आपल्या उसाची नोंद, वजन आणि खताचा हिशेब पाहण्यासाठी. तेवढेच काम साध्या मोबाइलच्या लघुसंदेशाने होते का, याची सात गावांत चाचणी घेण्यात आली, आणि ते होते असे आढळले. खर्चही पुष्कळ कमी आला. वारणेच्या शेतकऱ्याला संगणकाचे अप्रूप नव्हते. त्याला आपल्या घामाचा हिशेब वेळेवर हवा होता, तो स्वतःच्या भाषेत हवा होता, आणि मधल्या माणसावाचून हवा होता. गरज नेमकी ओळखली की साधनही आपोआप स्वस्त होते.

या साऱ्यावरून एक गोष्ट निश्चित होते. राष्ट्रीय जाळ्याची आखणी हमरस्त्यापासून घराकडे न करता घरापासून हमरस्त्याकडे करावी लागते. शेवटच्या घरी काय हवे, तेथली वीज किती वेळ असते, तेथला उन्हाळा यंत्राला सोसेल काय, आणि तार तुटली तर गावातला कोण ती जोडून घेईल, हे आधी विचारले म्हणजे यंत्र कोणते घ्यावे, वाट कोणती धरावी आणि पैसा कोठे खर्चावा, यांची उत्तरे बरीचशी आपोआप मिळतात. चंडीगडमध्ये शिपायाच्या घराचा विचार मुख्यमंत्र्यांच्या निवासाइतक्याच काळजीने झाला, म्हणून ती घरे टिकली. मजुराच्या घराचा विचार राहून गेला, म्हणून ती उणीव पुढे कित्येक दशके सलत राहिली.

तेव्हा गावच्या पंचायतीत तंतू येऊन पोहोचला आहे काय, एवढेच ग्रामस्थांनी विचारून भागणार नाही. तो आज चालू आहे काय, बंद पडल्यास किती दिवसांत दुरुस्त होतो, शाळेला आणि आरोग्य केंद्राला त्याची जोडणी मिळाली काय, आणि गावकुसाबाहेरच्या वस्तीपर्यंत तो गेला काय, हे प्रश्न ग्रामसभेत उभे राहून विचारले गेले पाहिजेत. देशाने या जाळ्यावर केलेला खर्च स्वस्त पडला की महाग, याचा निकाल त्या सभेतच लागणार आहे.